बस्तीचा शब्द : लेखांक ७ – एका पोराची कव्वाली पार्टी

या आठवड्यात रॅपर एमसी स्टॅनचा 'तडीपार' अल्बम घ्यायचा होता. तो पुढे ढकलतोय. जळोचीहून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न इतका माझ्या आवडीचा आहे की तो दोन ओळींत उरकणं जिवावर आलं.

पत्र लिहिणारे गृहस्थ जळोचीच्या उपबाजारात अडत चालवतात. लिहितात, 'पहाटे टोमॅटोचे क्रेट उतरवणारी पोरं मोबाइलवर तुमच्या या एमसी स्टॅनला लावतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण बारा वर्षांचा असताना तो कव्वाली म्हणायचा, असं तुम्ही लिहिलंत. कव्वाली मी उरुसात रात्र रात्र बसून ऐकली आहे. तिचा आणि ह्या बडबडीचा संबंध काय, तेवढं सांगा. आणि मोरोपंतांच्या बारामतीत राहून आम्ही याला काव्य म्हणायचं का, तेही सांगा.'

पहिला प्रश्न आधी.

अल्ताफ शेखचं, म्हणजेच एमसी स्टॅनचं, लहानपण आपण गेल्या वेळी पाहिलं. पुणे स्टेशनला खेटून असलेली ताडीवाला रोडची वस्ती, ३० ऑगस्ट १९९९चा जन्म, थोरल्या भावाने ऐकवलेले एमिनेम आणि ५० सेंट, मग बीटबॉक्सिंग, मग ब्रेकडान्स. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण भावाच्या त्या गाण्यांपासून सुरुवात करतात. जणू एमिनेम कानावर पडला आणि पोरगा रॅपर झाला. एमिनेम लाखो पोरांनी ऐकला. सगळी रॅपर झाली नाहीत. माझं म्हणणं असं की एमिनेमच्या आधी जे कानावर पडलं, घशातून निघालं, त्याचा हिशेब मांडल्याशिवाय या पोराची चढती कमान कळायची नाही.

कव्वालीची पार्टी डोळ्यांपुढे आणा. मध्ये मुख्य गायक, त्याच्यासमोर बाजा. एका बाजूला ढोलक, आपल्याकडच्या पार्ट्यांत बहुतेक वेळा बेंजोही. मागे चार-सहा जणांचा कोरस, आणि या कोरसचं मुख्य काम टाळी. कव्वालीत टाळी शोभेला नसते. ढोलकवाला घसरला तरी टाळीने पार्टी सांभाळायची असते. नवं पोरगं पार्टीत आलं की त्याला सूर नंतर, आधी टाळीला बसवतात. महिनोन् महिने ते नुसतं टाळी मारतं आणि मुख्य गायकाने टाकलेली ओळ उचलून परत म्हणतं.

आता रॅपकडे या. रॅपची एक ओळ साधारण चार ठोक्यांची. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कोरडा, टाळीसारखा आवाज. कित्येक बीटमध्ये तर तिथे टाळीचाच आवाज वापरतात. कसं बसतं ते पाहायला मीच दोन ओळी जुळवतो:

स्टेशनाच्या मागं राहतो
टेन्शनाच्या पुढं जातो

हाताने चार टाळ्या मारत म्हणा. पहिली टाळी 'स्टे'वर, दुसरी 'ना'वर, तिसरी 'मा'वर, चौथी 'रा'वर. खालच्या ओळीत 'टेन्', 'ना', 'पु', 'जा'. मात्रा मोजल्या तर चोख भरणार नाहीत, पण टाळी चुकत नाही. आता हेच दुप्पट वेगात म्हणा, टाळी तीच ठेवून. मग 'स्टेशनाच्या' म्हणायला टाळीनंतर अर्धा क्षण उशीर करा आणि 'राहतो'वर ओळ बरोबर गाठा. हा मुद्दाम केलेला उशीर, ठोक्याच्या मागे रेंगाळून ऐनवेळी गाठणं, म्हणजेच पोरं ज्याला फ्लो म्हणतात तो. ट्रॅप प्रकारात तर तो जीव की प्राण, कारण तिथे स्नेअर चार ठोक्यांत एकदाच, तिसऱ्यावर पडतो आणि मधल्या मोकळ्या जागेत आवाज लोळवायला भरपूर वाव मिळतो. स्टॅनचा तो सुस्त, ओढलेला आवाज नीट ऐका. आळसावलेला वाटतो, पण ठोक्यावरून हलत नाही. टाळी अंगात मुरलेल्यालाच असं रेंगाळणं परवडतं.

आता कोरस. कव्वालीत मुख्य गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो आणि तेवढ्यात गायक पुढच्या ओळीची जुळवाजुळव करतो. शाहिरीत हेच काम झीलकरी करतात. अमेरिकेतल्या रॅपच्या मंचावरही रॅपरच्या मागे एक जण असतो, तो ओळींची शेवटची अक्षरं उचलून धरतो. म्हणजे श्वास घ्यायला उसंत मिळावी ही गरज तिन्हीकडे एकच. खोलीत बसून गाणं करणाऱ्या पोराकडे मात्र झीलकरी नाही. मग तो काय करतो? मुख्य आवाज रेकॉर्ड करतो, त्याच्यावर दुसरा थर चढवून स्वतःच ओळीचं शेपूट उचलतो, तिसऱ्या थरात स्वतःलाच 'हां', 'हक से' अशी दाद देतो. स्टॅनची गाणी हेडफोन लावून ऐकलीत तर उजव्या-डाव्या कानात ही मागची माणसं भेटतील. सगळी एकच. बीटही तो स्वतः बसवतो, तेव्हा ढोलकवालाही तोच.

अख्खी कव्वाली पार्टी एका पोरात आणि एका माइकमध्ये मावली, असं मी म्हणतो ते यासाठी.

हे आवडीपेक्षा परिस्थितीने घडलं, हेही लक्षात घ्यायला हवं. कव्वालीचा सामना उभा करायचा म्हणजे दोन पार्ट्यांची सुपारी, आठ-दहा माणसांची बिदागी, मंडप, लाउडस्पीकर. त्यात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १०नंतर लाउडस्पीकर बंद झाला, आणि खरा रंगच मध्यरात्रीनंतर भरणाऱ्या सामन्याची पंचाईत झाली. तमाशालाही त्याचा फटका बसला, ते बारामती-इंदापूरकडच्या लोकांना मी सांगायला नको. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. मंडप गेला, मोबाइल आला. अल्ताफ तेव्हा सतरा वर्षांचा होता. वस्तीतल्या पोराला श्रोता गाठायला ना सुपारी लागली ना आयोजक.

वाचकांना कव्वाली म्हटलं की दर्गा आठवतो. मला त्याच्याइतकाच वस्तीतला सामना आठवतो. इस्माईल आझाद, युसूफ आझाद, शकीला बानो भोपाली, अजीज नाझां ही नावं ज्या पिढीने रेकॉर्ड आणि कॅसेटवर ऐकली, त्या पिढीला युसूफ आझाद विरुद्ध रशीदा खातून म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एकाने टोमणा टाकायचा, दुसऱ्याने त्याच यमकात तो परतवायचा. आणि ही नुसती उर्दूची मिरास नव्हती. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा गळा आधी इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसला होता. भीमजयंतीला वस्त्यांमधून मराठी कव्वालीचे जंगी सामने रंगायचे, त्यात वामनदादा कर्डकांच्या पिढीच्या कवींचे शब्द घुमायचे. उरुसाची कव्वाली आणि जयंतीची कव्वाली एकाच गल्लीत ऐकत पोरं वाढली. हिंदी, उर्दू, मराठी एका दमात बोलणारी जी भाषा स्टॅनच्या तोंडी आहे, ती कुणी ठरवून बनवलेली नाही. ती या गल्ल्यांची रोजची भाषा आहे.

कव्वालीच्या रात्रीला एक क्रम असतो. आधी हम्द, म्हणजे अल्लाची स्तुती. मग नात, पैगंबरांची स्तुती. मग मनकबत, वली-बुजुर्गांची. आणि रात्र चढली की गझल, छेडछाड, समोरच्या पार्टीची खिल्ली. सकाळी कुणाला त्याचं वैषम्य वाटत नाही.

हा क्रम डोक्यात ठेवला की स्टॅनचं २०१९ साल उलगडतं. त्या एकाच वर्षी त्याची दोन गाणी आली. एक 'अस्तगफिरुल्लाह'. शिव्यांवरून लोक नावं ठेवत होते, त्या सुमाराला त्याने अल्लाची क्षमा मागणाऱ्या शब्दाचं शीर्षक घेऊन स्वतःच्या आयुष्याचाच हिशेब मांडला. दुसरं 'खुजा मत', मुंबईच्या एमीवे बंटायला दिलेलं सरळ उत्तर, ज्याला रॅपवाले डिस म्हणतात. समीक्षकांना यात विसंगती दिसली. हा पोरगा पश्चात्ताप करतोय की मारामारीला निघालाय? कव्वालीच्या मांडीवर वाढलेल्याला यात विसंगती दिसायचं कारण नाही. रात्रीच्या सुरुवातीला हम्द, मध्यरात्री सामना. पार्टी तीच, गायक तोच.

आपल्या शाहिरांचं काय वेगळं होतं? कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. वाद अध्यात्माचा, पण फडात उतरल्यावर भेदिक कोडी टाकून समोरच्याला निरुत्तर करायचं, त्याची अक्कल काढायची, आणि कवनाच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफायचं. स्टॅन गाण्यात दहादा स्वतःचं नाव घेतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आपल्या अभंगांची आणि लावण्यांची शेवटची ओळ एकदा पाहावी. तुकोबांपासून होनाजीपर्यंत नाममुद्रा आहेच. कागदावर छापून न येणाऱ्या, तोंडोतोंडी फिरणाऱ्या कवितेला मालकी सांगायचा तोच एक मार्ग होता. यूट्यूबवर कुणीही कुणाचंही गाणं उचलून टाकतो, तिथे ती गरज पुन्हा उभी राहिली.

आता मोरोपंत. जळोचीकरांनी त्यांचं नाव मला गप्प करायला घेतलं असावं, पण पंत माझ्या बाजूने साक्ष देतील असा माझा भरवसा आहे. १७२९ साली पन्हाळ्याला जन्मलेला हा माणूस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिला आणि १७९४पर्यंत लिहीत राहिला. त्याची गीति आर्या घ्या: पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, पुन्हा १२, पुन्हा १८. एवढं बंधन पुरलं नाही म्हणून शेवटी यमक, आणि तेही एका अक्षराचं नाही, तीन-तीन, चार-चार अक्षरांचं. त्यावरही समाधान नाही, म्हणून १०८ रामायणं, प्रत्येकाची वेगळी खोड. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावणारी अक्षरंच नाहीत. रामाच्या कथेत 'म' वापरायचा नाही! ही भक्ती आहेच, पण त्यात 'करून दाखवतो, बघा' ही खुमखुमीही आहे. एमिनेम जगभर नावाजला गेला तो याच कसबासाठी, एका शब्दाऐवजी चार-पाच अक्षरांची अख्खी साखळी यमकात ओढण्यासाठी. ओळीवर आधी बंधन घालून घ्यायचं आणि मग त्या बंधनात मोकळेपणाने नाचून दाखवायचं, हा दोघांचा शौक एकच.

दर्जा एकच आहे असं मी म्हणत नाही. पंतांच्या यमकामागे संस्कृतचा खजिना होता. स्टॅनची यमकं पुष्कळदा सोपी असतात, काही गाण्यांत तर तो एकच शब्द घोळवत राहतो आणि शिव्यांनी जागा भरतो. तिथे मीही गाणं बंद करतो. पण हे काव्यच नव्हे असं म्हणणाऱ्याने राम जोशींची गोष्ट आठवावी. सोलापूरच्या शास्त्री-पुराणिकांच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या नादाला लागला, लावण्या रचू लागला, थोरल्या भावाने, मुद्गल जोशींनी, त्याला घराबाहेर काढलं. पुढे तोच संस्कृत शिकून आला आणि कीर्तनाला उभा राहिला. मोरोपंतांच्या आर्या गावोगावच्या लोकांच्या कानी घातल्या त्या या तमाशातून आलेल्या माणसाने. त्याच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' चित्रपट निघाला, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचा. पंतांचं पांडित्य आणि फडाची टाळी राम जोशींमध्ये एकत्र आली. ज्या पंतांचा दाखला देऊन आपण फडातल्या पोरांना उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्यांची कविता गावोगाव नेणारा माणूस फडातलाच होता.

म्हणून कुणी विचारलं की या पोराला गुरू कोण, तर मी एमिनेमचं नाव दुसरं घेतो. पहिलं नाव कोरसात बसून मारलेल्या टाळीचं.

राहिलेल्या गोष्टी पुढच्या आठवड्यात: २०२०चा 'तडीपार', २०२२चा 'इन्सान', आणि १२ फेब्रुवारी २०२३च्या रात्री अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून जिंकलेला 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम, ३१ लाख ८० हजारांच्या बक्षिसासह. घरातून बाहेर पडू द्या म्हणणारा, कोपऱ्यात गप्प बसणारा स्पर्धक एवढी मतं कुठून घेऊन आला, हे कोडं मला त्या बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

तोवर एक काम करा. युसूफ आझाद-रशीदा खातून यांचा कुठलाही मुकाबला मिळवून ऐका आणि लगेच 'खुजा मत' लावा. लहान मुलं जवळ नसताना. शब्दांकडे जाऊ नका, टाळी कुठे पडते आणि ओळ कोण उचलतं एवढंच पाहा. काय सापडलं ते कळवा. आणि कुणी आता पठ्ठे बापूरावांचा विषय काढू नये ही विनंती, नाहीतर 'तडीपार' आणखी एक आठवडा लांबेल.