श्वानाहार : वय महत्त्वाचे की जात?

पाळीव प्राण्यांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात कुत्र्याचे खाद्य मागितले, की विक्रेता आधी दोन प्रश्न विचारतो. वय किती आणि जात कोणती? उत्तर मिळताच समोर मांडल्या जाणाऱ्या पिशव्यांची विविधता ग्राहकाला चक्रावून टाकते. नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांसाठी एक खाद्य, वाढत्या पिल्लांसाठी दुसरे, प्रौढांसाठी तिसरे, सात वर्षांवरील वयस्कांसाठी चौथे. त्याखेरीज लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू अशा एकेका जातीचे छायाचित्र मिरवणाऱ्या स्वतंत्र पिशव्या असतातच. एकदोन पिढ्यांपूर्वी वाड्यातला किंवा शेतावरचा कुत्रा उरलेली भाकरी आणि दूध यांवरच वाढत असे. मग ही विभागणी शास्त्राने केली की बाजाराने? खरे म्हणजे दोघांनीही केली आहे. मात्र शास्त्र कोठे संपते आणि बाजार कोठे सुरू होतो, हे ठाऊक नसेल तर नुकसान केवळ खिशाचे होत नाही. प्रसंगी ते पिल्लाच्या हाडांवर बेतते.

मानके काय सांगतात?

कुत्र्यासाठी कारखान्यात तयार केलेल्या खाद्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकण्यास सुरुवात केली. त्या काळी सर्व कुत्र्यांना एकच बिस्किट पुरत असे. पुढे पोषणशास्त्र विकसित झाले आणि कुत्र्याच्या गरजा आकड्यांत मांडल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल आजही या विषयातील पायाभूत संदर्भ मानला जातो.

पशुखाद्याची मानके ठरविणाऱ्या ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स’ अर्थात ‘आफ्को’ या संस्थेच्या कोष्टकात कुत्र्यांसाठी दोनच रकाने आहेत. एक वाढ आणि प्रजननाचा, दुसरा प्रौढावस्थेचा. वाढीच्या काळात खाद्यातील कोरड्या घटकांत किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. प्रौढाला १८ टक्के पुरतात. कॅल्शियमचे किमान प्रमाण वाढीसाठी १.२ टक्के, तर प्रौढासाठी ०.५ टक्का आहे. युरोपातील ‘फेडियाफ’ ही संस्था वाढीचे आणखी दोन टप्पे पाडते, चौदा आठवड्यांपूर्वीचा आणि नंतरचा. वृद्ध कुत्र्यांसाठी वेगळा रकाना मात्र दोन्हीकडे नाही आणि जातीनुसार रकाना तर नाहीच नाही. पिशव्यांवरील विविधतेच्या मानाने मानकांतील ही काटकसर बोलकी आहे.

पिल्लाचा प्रश्न खरा

वयानुसार आहार बदलावा लागतो, हे पिल्लांच्या बाबतीत निर्विवाद सत्य आहे. दूध सुटल्यानंतरच्या काळात पिल्लाला वजनाच्या दर किलोमागे प्रौढ कुत्र्याच्या सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. व्यायलेल्या मादीची गरज याहूनही मोठी असते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा तिचे दूध सर्वाधिक असते आणि पिल्लांच्या संख्येनुसार तिला नेहमीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत ऊर्जा लागू शकते. गाभणपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि दूध पाजण्याच्या काळात मादीला पिल्लांचेच खाद्य देण्याचा सल्ला पशुवैद्य देतात, तो यामुळेच.

खरी जोखीम असते ती मोठ्या अंगलटीच्या पिल्लांना. चिवावासारखा छोटा कुत्रा वर्षाच्या आत पूर्ण वाढतो. ग्रेट डेनला मात्र त्यासाठी दीड ते दोन वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात अर्ध्या किलोच्या आसपासचा जीव पन्नास-साठ किलोंपर्यंत पोहोचतो. या घाईत हाडे आणि कूर्चा यांच्यावर मोठा ताण येतो. हॉलंडमधील उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. कॅल्शियम कमी पडले तर हाडे बिघडतात, तशीच ती जास्त झाले तरीही बिघडतात. प्रौढ कुत्र्याचे आतडे नको असलेले कॅल्शियम बऱ्याच अंशी शोषूनच घेत नाही. लहान पिल्लांत हे नियंत्रण पुरेसे विकसित झालेले नसते. जेवढे पोटात जाते, त्याचा मोठा वाटा शरीरात शोषला जातो.

मोठ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी खाद्यातील कॅल्शियमची कमाल मर्यादा ‘आफ्को’ने १.८ टक्के ठेवली आहे. इतरांसाठी ती २.५ टक्के आहे. प्रौढ वयात सुमारे ३२ किलोंपलीकडे जाणारा कुत्रा या व्याख्येत मोठा ठरतो. म्हणजे ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ या शब्दांना शास्त्राचा भक्कम आधार आहे. तो आधार कोणत्या एका जातीचा नसून आकाराचा आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

आपल्याकडे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरचे पिल्लू घरी आले, की त्याबरोबर कॅल्शियमच्या औषधाची बाटली हमखास येते. ‘हाडे भक्कम होतील, कान लवकर उभे राहतील,’ अशी त्यामागची समजूत. संतुलित खाद्य खाणाऱ्या पिल्लाला पशुवैद्याच्या सल्ल्याविना असे पूरक कॅल्शियम देणे हितकारक नसून धोकादायक आहे. उलट, केवळ उकडलेल्या मांसावर वाढविलेल्या पिल्लांत नेमकी विरुद्ध आपत्ती ओढवते. हाडाविना मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. परिणामी शरीर स्वतःच्याच हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. हाडे ठिसूळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात.

प्रौढावस्थेत मोजमाप मोठे

वाढ पूर्ण झाली, की ‘काय द्यावे’ यापेक्षा ‘किती द्यावे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तीन किलोंच्या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे १६० किलोकॅलरी लागतात, तर तीस किलोंच्या कुत्र्याला सुमारे ९००. वजन दहापट, गरज मात्र साडेपाचपट. हालचालींसाठी त्यात भर घालावी लागते. ही भर शिकारी किंवा राखणीच्या कुत्र्यासाठी मोठी, तर सदनिकेत दिवसभर पहुडणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी बेताचीच असते.

मोजून खाऊ घालण्याचे मोल किती, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ प्रयोगाने दाखवून दिले. एका खाद्यनिर्मात्या कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. खाद्य मात्र एकच होते. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. सांधेदुखीसारखे आजारही पहिल्या गटात उशिरा दिसू लागले. जवळपास दोन वर्षांचे हे वाढीव आयुष्य महागड्या पिशवीने मिळवून दिलेले नव्हते. ते दिले होते वाटीच्या मापाने.

उतारवयाची पिशवी

‘सीनियर’ या शब्दाला पोषणाच्या मानकांत निश्चित अर्थ नाही. एका कंपनीच्या या प्रकारात प्रथिने कमी असतात, दुसरीच्या खाद्यात जास्त. वृद्ध कुत्र्याच्या मूत्रपिंडांना जपण्यासाठी प्रथिने कमी करावीत, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. निरोगी वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत हा सल्ला आता मागे पडला आहे. वयानुसार स्नायू झिजत असतात, अशा वेळी प्रथिनांची कपात अपायकारक ठरू शकते. मूत्रपिंडांचा विकार खरोखरच जडला असेल, तर फॉस्फरस आणि प्रथिने यांचे नियमन करणारे उपचारात्मक खाद्य लागते. त्याचा निर्णय वयावरून न होता रक्त-लघवीच्या तपासणीवरून व्हायला हवा.

जात कधी महत्त्वाची?

जातीनिहाय खाद्यांतील भेद बहुधा दाण्याचा आकार, उष्मांकांचे प्रमाण आणि त्वचा किंवा सांध्यांसाठी घातलेली काही पूरके एवढ्यापुरता असतो. पगच्या चपट्या तोंडाला उचलता येतील असे दाणे बनविणे ही सोय आहे. ती पोषणाची अपरिहार्यता नव्हे. एकाच जातीचे दोन कुत्रे वजनाने, सवयींनी आणि प्रकृतीने इतके भिन्न असू शकतात, की जातीचे नाव त्यांच्या गरजेचा अंदाज देण्यास तोकडे पडते.

काही जातींत आनुवंशिक दोष मात्र खरोखरच आहाराशी निगडित आहेत. डाल्मेशियनमध्ये यूरिक आम्लाच्या चयापचयात जन्मजात बिघाड असतो. त्यामुळे मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि यकृतासारखे प्युरिनयुक्त पदार्थ टाळावे लागतात. बेडलिंग्टन टेरियरच्या काही वंशांत तांबे यकृतात साठत जाते. लॅब्रॅडॉरच्या अधाशीपणामागेही जनुकीय कारण असल्याचे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या यंत्रणेशी संबंधित जनुकाचा काही भाग गळालेला आढळतो. अशा कुत्र्याच्या केविलवाण्या नजरेला भुलून वाढलेला घास त्याच्या लठ्ठपणात भर घालतो. या सर्व उदाहरणांत निदान आणि पशुवैद्याचे मार्गदर्शन लागते. पिशवीवरील छायाचित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

गावठी कुत्र्यासाठी किंवा महाराष्ट्राच्या कारवान हाउंडसाठी स्वतंत्र पिशवी शोधत फिरण्याचे कारण नाही, हेही यातून स्पष्ट होते. त्यांच्या वयाला आणि आकाराला साजेसे संतुलित खाद्य त्यांना पुरेसे आहे.

घरच्या अन्नाचे काय?

कुत्र्याला धान्य पचत नाही, हा समज चुकीचा आहे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असल्याचे २०१३ मधील एका संशोधनाने दाखविले. माणसाच्या सहवासात तो भाकरी पचवायला शिकला, असे म्हणता येईल. परंतु भाकरी पचते म्हणून ती पुरते, असे नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती २०१३ मध्ये तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा आढळला. घरचे अन्न द्यायचेच असेल, तर त्याचे प्रमाण जाणकार पशुवैद्याकडून आखून घ्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले पदार्थ मात्र कटाक्षाने दूर ठेवावेत.

निवड कशी करावी?

पिशवी विकत घेताना दर्शनी भागापेक्षा मागील मजकूर वाचावा. ते खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे का आणि वाढीसाठी आहे की प्रौढांसाठी, हे तेथे नमूद केलेले असावे. ‘सर्व वयोगटांसाठी’ असे लिहिलेले खाद्य वाढीच्या निकषांवर उतरलेले असते. पण मोठ्या आकाराच्या पिल्लांसाठी ते योग्य असल्याचा वेगळा उल्लेख पाहायलाच हवा. पिशवीवर दिलेले दैनंदिन प्रमाण ही केवळ सुरुवात समजावी. त्यानंतरची परीक्षा हातानेच करायची असते. कुत्र्याच्या बरगड्या नुसत्या स्पर्शाने, फार न दाबता लागाव्यात आणि वरून पाहिल्यास कंबर दिसावी. बरगड्या चाचपडून शोधाव्या लागत असतील, तर खाद्याचा प्रकार बदलण्याआधी वाटीचे माप कमी करावे. माप जमत नसेल, तर पशुवैद्याला विचारावे आणि दर महिन्याला वजन करून त्याची नोंद ठेवावी.