भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील सोबती आणि प्रेमसंबंध

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळाडू योद्धा, मांत्रिक, चोर अशी एखादी भूमिका घेऊन काल्पनिक जगात प्रवास करतो. या प्रवासात त्याच्याबरोबर येणाऱ्या, स्वतःचा पूर्वेतिहास व स्वतःची मते असणाऱ्या पात्रांना 'सोबती' असे म्हणतात. अद्भुतरम्य कथानकाच्या अनेक खेळांत अशा सोबत्यांशी मैत्री, प्रेम अथवा विवाह करता येतो. कथानकाची चौकट आधीच ठरलेली असली, तरी तीत कोणाची साथ धरावी याचा निर्णय बहुधा खेळाडूकडे असतो.

उगम

या प्रकाराचे मूळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात आहे. त्यात पात्राच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाला अंक दिलेला असे आणि त्यावरून त्याला किती अनुयायी मिळतील व ते किती निष्ठावान राहतील हे ठरे. नात्याचे अंकांत मोजमाप करण्याची ही रीत पुढे व्हिडिओ गेममध्येही आली.

जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) मध्ये नायकाला बालमैत्रीण बियांका आणि श्रीमंत घरातील फ्लोरा यांतून पत्नी निवडावी लागते. नायकाची मुले पुढे कथेत महत्त्वाची ठरतात. 'फायर एम्ब्लेम: जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' (१९९६) मध्ये पहिल्या पिढीतील जोडप्यांचे गुण दुसऱ्या पिढीत उतरतात. 'बाल्डर्स गेट २' (२०००) या कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या खेळात मात्र प्रेमसंबंध दीर्घ संभाषणांतून हळूहळू उलगडतो. त्यातील जाहेरा ही पतीच्या मृत्यूचा शोक करणारी स्त्री असून तिची प्रेमकथा त्या शोकापासूनच सुरू होते.

कार्यपद्धती

खेळाडूची उत्तरे, त्याचे निर्णय आणि त्याने दिलेल्या भेटवस्तू यांनुसार सोबत्याची मर्जी वाढते किंवा घटते. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) मध्ये ही मर्जी उणे १०० ते अधिक १०० या मापात दाखवली जाते. ती पुरेशी वाढली की नवी संभाषणे खुली होतात. फार घसरली तर काही सोबती साथ सोडून जातात. 'ड्रॅगन एज २' (२०११) मध्ये मैत्रीबरोबर प्रतिस्पर्धित्वाचेही माप ठेवले गेले, त्यामुळे सतत मतभेद असणाऱ्या दोघांतही प्रेम फुलू शकते. 'स्कायरिम' (२०११) मध्ये याउलट एक विशिष्ट ताईत गळ्यात घालून विवाहेच्छा कळवता येते आणि थोड्याच वेळात विवाह पार पडतो.

टीका आणि बदल

या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप असा, की तीत प्रेम हे सत्कृत्यांचे बक्षीस ठरते. हवी ती उत्तरे दिली व भेटी दिल्या की समोरच्याने होकार द्यावा, ही अपेक्षा माणसामाणसांतील नात्याला लागू पडत नाही.

अलीकडच्या खेळांनी यावर काही उत्तरे शोधली आहेत. 'द विचर ३' (२०१५) मध्ये गेराल्टने ट्रिस आणि येनेफर या दोघींनाही प्रेमाची ग्वाही दिली, तर दोघीही त्याला सोडून जातात. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) मध्ये डोरियन केवळ पुरुषाच्या, तर सेरा केवळ स्त्रीच्या प्रेमाचा स्वीकार करते; मर्जी कितीही वाढली तरी त्यांची आवड बदलत नाही. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मधील अ‍ॅस्टेरियन याने दोनशे वर्षे मालकाच्या आज्ञेने इतरांना मोहात पाडलेले असते. खेळाडूशी जवळीकही आपण आधी संरक्षणासाठीच साधली, अशी कबुली तो पुढे देतो. येथे नाते पुढे नेण्यासाठी त्याला थांबण्याची मोकळीक देणे हेच महत्त्वाचे ठरते.

मराठीच्या संदर्भात

संकटे, वियोग आणि अखेरचे मीलन यांनी भरलेली अद्भुतरम्य कथा मराठी वाचकास नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्या याच वळणाच्या होत. त्यांत वाचक केवळ साक्षी असतो. खेळात मात्र निवडीची जबाबदारी त्याच्यावर येते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा भूमिकाप्रधान नसून साहसी खेळ आहे. त्याच्या केंद्रस्थानी प्रियकर-प्रेयसी नसून असुराने पळवून नेलेल्या गोलू या भावाचा शोध घेणारी राजी आहे.

असे खेळ मराठीत आणताना भाषेचा प्रश्न नाजूक ठरतो. इंग्रजीतील 'यू' या एकाच सर्वनामासाठी मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे पर्याय आहेत. सोबती 'तुम्ही'वरून 'तू'वर केव्हा येतो, यातच जवळिकीचा टप्पा कळतो; मूळ संवादात नसलेला हा क्षण भाषांतरकाराला ठरवावा लागतो. शिवाय 'मी आलो' आणि 'मी आले' यांतील भेदामुळे, नायक स्त्री की पुरुष हे खेळाडूने ठरवायचे असेल, तर त्याची अनेक वाक्ये दोन रूपांत लिहावी लागतात.