घरकुल पुरे झाले, समाधानाचे काय?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण शासकीय साहाय्याने घर उभारणाऱ्यालाही चुकलेली नाही. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि 1985 साली इंदिरा आवास योजना आली. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजनेने तिची जागा घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौरस मीटर झाले; सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य ठरले.

गळक्या धाब्याखाली पावसाळे काढलेल्या कुटुंबाला पक्क्या छताचे मोल सांगावे लागत नाही. हे समाधान खरे आहे. परंतु पुढील हप्ता आधीचा टप्पा पुरा झाल्यावरच मिळतो. तोवर सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांची तजवीज मजुरानेच करावयाची. लोखंडी सळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यात घरकुलाची सळई प्रसंगी उसनवारीने आणावी लागावी, हा दैवदुर्विलासच होय. शिवाय बांधकामास सोयीचे कोरडे महिने म्हणजेच ऊसतोडीचे महिने. राहून घर बांधावे तर मजुरी बुडते; जावे तर जोते तसेच राहते. त्यातच 2012-13 सारखा दुष्काळ पडला, तर भिंतीवर मारावयाचे पाणी आणावे कोठून?

शासनदरबारी घर ‘पूर्ण’ ठरते. रहिवाशाचे समाधान मात्र त्यानंतर सुरू होते. एक पावसाळा उलटल्यावर ग्रामसभेने तीनच प्रश्न विचारावेत: छत गळते काय? पाणी जवळ आहे काय? कर्ज फिटले काय? त्यांची उत्तरे नोंदविल्याखेरीज योजनेचे यश मोजू नये.