शरद ऋतू आणि वैद्याची औषधी वाटिका

मिरज परिसरात परतीचा पाऊस थांबला, की काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात आणि दुपारचे ऊन प्रखर होते. चिकित्सालयात पित्तप्रकोपाचे रुग्ण वाढतात, विरेचनाची तयारी सुरू होते आणि नेमके याच वेळी वाटिकेकडे आपले दुर्लक्ष होते. वस्तुतः अनेक द्रव्यांची गुणवत्ता याच काही आठवड्यांत निश्चित होत असते.

शास्त्रविचार : चरकसंहितेच्या कल्पस्थानात संग्रहणकाल अंगपरत्वे सांगितला आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, तर साल, कंद व क्षीर शरदात घ्यावे. शार्ङ्गधराने सर्वसामान्य कार्यासाठी सरस औषधी शरदातच, मात्र वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घेण्यास सांगितले आहे. या दोन मतांचा मेळ वाटिकेत उभे राहिले असता सहज लागतो. पावसाळ्यात वाढलेली वर्षायू वनस्पती शरदात पूर्णत्वास येते. शतावरीचा वेल मात्र अद्याप हिरवा असतो, म्हणून तिच्या मुळ्यांना हात लावू नये.

संग्रहण : भुईआवळीचे पंचांग पानांखाली फळे धरल्यावर, परंतु झाड वाळण्यापूर्वी उपटावे. कालमेघ फुलोऱ्याच्या आरंभी कापावा. त्याचे तिक्त सत्त्व मुख्यतः पानांत असते आणि बी धरल्यावर पाने गळतात. अर्जुनाची साल काढताना खोडाभोवती पूर्ण वलय कधीही काढू नये. अन्नरसाचा मार्ग तुटून वृक्ष मरतो. उभ्या, अरुंद पट्ट्या काढाव्यात.

शोषण : येथे एक स्वानुभव सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी पहाटेच्या दवात भिजलेली भुईआवळी उपटली आणि दोनच दिवसांत पोत्यात भरली. आठवड्याभरात तिला कुबट वास येऊन बुरशी दिसली. सर्व माल टाकून द्यावा लागला. रुग्णांसाठी बाजारातून पंचांग आणले, तर त्यात तांबूस देठाची, देठरहित व खरखरीत फळांची दुसरीच जात मिसळलेली आढळली. खऱ्या भुईआवळीचे फळ गुळगुळीत व सूक्ष्म देठाचे असते. तेव्हापासून दव सुकल्यावरच उपटणे, सावलीत पातळ थरात पसरणे, दररोज उलथणे आणि काडी कट्‌कन मोडेपर्यंत न भरणे, हा नियम पाळतो. प्रत्येक पिशवीवर द्रव्य, अंग, स्थान व दिनांक लिहितो.

मशागत : तण काढून वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे. भेगांवाटे ओलावा उडतो व मुळ्या तुटतात, म्हणून माती भुसभुशीत करावी. पाणी सकाळी द्यावे, पण साचू देऊ नये. पुढील वर्षासाठी निरोगी झाडांचे बी याच वेळी राखावे.

जबाबदारी : इ. स. २००० मध्ये आलेल्या शेड्यूल ‘टी’नुसार फार्मसीस कच्च्या द्रव्यांची परीक्षा व नोंद बंधनकारक झाली. स्वतःच्या रुग्णांसाठीच औषध सिद्ध करणाऱ्या, बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यातून सूट देण्यात आली. ही सूट म्हणजे शिथिलता नव्हे. आपल्या चूर्णाची परीक्षा दुसरे कोणी करणार नसेल, तर ती आपणच अधिक कठोरपणे करावयास हवी. फार्मसीचालकांनीही माल घेताना केवळ दर न विचारता संग्रहणाचा ऋतू विचारावा. तो प्रश्न विचारला जाऊ लागला, की पुरवठादारही वेळेवर संग्रह करू लागेल.