अंगणातील कृत्रिम हिरवळ आणि काळी माती

सोलापूर, बार्शी, लातूर, जालना या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबे पेठेतील वाडे सोडून गावाबाहेरच्या वसाहतींत राहावयास गेली, तसा घरापुढील मोकळ्या जागेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. वाड्याच्या चौकात फरशी असे. बंगल्यापुढे मात्र हिरवळ हवीशी वाटते. काळी माती आणि चाळीस अंशांवरचे ऊन यांत ती जगवायची, तर उन्हाळाभर टँकर मोजावे लागतात. म्हणून अनेकांनी प्लास्टिकच्या धाग्यांचे गवत अंथरण्याचा मार्ग पत्करला आहे. श्रावकाच्या घरी त्यास आणखी एक समर्थन मिळते. पाणी नको, कापणी नको, वाळवी आणि हुमणी मारण्याचे औषधही नको. म्हणजे हिंसाही नको. हे समर्थन वरवर पटण्याजोगे असल्यामुळेच तपासून पाहिले पाहिजे.

या वस्तूचा जन्म कोठे झाला, हे प्रथम ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागृहात आरंभी खरे गवत होते. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून तावदाने रंगविली गेली आणि सूर्यप्रकाशाअभावी गवत मेले. तेव्हा १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत बसविण्यात आले. छपराखाली प्रसिद्धीस आलेली ही वस्तू आपण वैशाखाच्या उन्हात उघड्यावर अंथरतो.

खरे गवत पानांतून बाष्प सोडते आणि स्वतःस थंड राखते. प्लास्टिकच्या धाग्यास तो उपाय नाही. तो केवळ तापतो. ब्रिगॅम यंग विद्यापीठाने २००२ साली अमेरिकेतील युटा राज्यात आपल्या मैदानावर मोजमाप केले. सकाळी सातपासून सायंकाळी सातपर्यंतची सरासरी पाहता कृत्रिम पृष्ठभाग सुमारे ४७ अंश सेल्सिअस, तर खरे गवत सुमारे २६ अंश होते. पाणी मारल्यावर ७९ अंशांवर गेलेला पृष्ठभाग २९ अंशांवर आला. पण पाच मिनिटांत तो ४९ वर आणि वीस मिनिटांत ७३ वर पोहोचला. तेव्हा ‘पाणी नको’ हे सोलापूरच्या उन्हाळ्यात खरे ठरत नाही. लहान मुलांनी त्यावर अनवाणी चालावे, तर पाणी मारावेच लागते, आणि तेही पुन्हा पुन्हा.

अनवाणी चालण्याचा विषय निघाला की आहाराच्या वेळेची आठवण अपरिहार्य आहे. मुनिराज चार हात जमीन निरखीत येतात. कृत्रिम गवताच्या दाट धाग्यांत मुंगी शिरली तर ती दिसत नाही, आणि पिच्छीने तिला अलगद बाजूला सारणेही अवघड. शहाबादी फरशीवर चालणारी मुंगी दुरूनही दिसते. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर हा गालिचा हौसेने अंथरणाऱ्यांनी एवढा विचार अवश्य करावा. सकाळी दहाच्या उन्हात त्यावर पाऊल ठेवून पाहिले, तरी निर्णय सोपा होईल.

आता मातीविषयी. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी खनिजे विपुल असतात. पावसाळ्यात ती वर उचलते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. तिच्यावर थेट वाळू पसरून गालिचा अंथरला, की पहिल्याच पावसाळ्यात उंचवटे येतात, सांधे उघडतात आणि खोलगट भागांत पाणी साचून डासांची पैदास होते. यावरील उपाय रस्ते व कालवे बांधणाऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत विकसित केली. आपल्याकडे त्या कामी चांगला मुरूम येतो.

घरगुती कामात वीस ते पंचवीस सेंटिमीटर माती काढून त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग पाणी मारून थराथराने ठोकलेला मुरूम, त्यावर खडी आणि शेवटी दोन-तीन सेंटिमीटर दगडी चुरा, असा क्रम असावा. उतार मात्र मुरमासच द्यावा लागतो, मीटरला एक ते दोन सेंटिमीटर. गालिच्याच्या भोकांतून उतरलेले पाणी मुरमावरून वाहत कडेच्या चरात गेले पाहिजे. ते खालच्या काळ्या मातीत मुरले, की सारा खर्च वाया. पट्ट्यांतील धाग्यांचा कल एकाच दिशेस ठेवावा. धागे उभे राहण्यासाठी धुतलेली वाळू भरावी, रबरी दाणे नकोत. ते अधिक तापतात आणि पावसाबरोबर गटारात जातात. मैदानांवरील अशा प्लास्टिक व रबरी दाण्यांची विक्री २०३१ पासून बंद करण्याचा निर्णय युरोपीय संघाने २०२३ सालीच घेतला आहे.

खोदाई केव्हा करावी? मे महिन्यात माती पूर्ण आक्रसलेली असते आणि पुढच्याच महिन्यात फुगते. भर पावसात चिखल आणि जीवजंतूंची दाटी. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास संपतो, त्या सुमारास माती मध्यम ओलीची व कामास योग्य असते. येथे धर्माचे आणि बांधकामाचे पंचांग एकच निघते, हा सुखद योग.

तथापि खोदाई ही खोदाईच. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण जमीन खणणे, पाणी वाया घालविणे व वनस्पती तोडणे यांचा समावेश आहे. म्हणजे टँकरवर पोसलेली खरी हिरवळही निर्दोष नाही, आणि दोन हजार चौरस फूट जमीन खणून, ठोकून, गांडुळांसह झाकून टाकणारी कृत्रिम हिरवळही नाही. प्रश्न प्रयोजनाचा आहे. गुडघेदुखीने बाहेर न पडणाऱ्या आजींसाठी, नातवंडांच्या खेळासाठी, पूर्वेच्या ओसरीलगत दुपारी सावली मिळणारा शंभर-दीडशे फुटांचा तुकडा समजण्याजोगा आहे. शेजाऱ्याने केले म्हणून सारे अंगण झाकणे हा केवळ परिग्रह होय. उरलेल्या जागेत कडुनिंब लावावा, त्याच्या बुंध्याभोवती माती उघडी ठेवावी आणि वाटेवर फरशी घालावी.

व्यापाऱ्याची नजर दरपत्रकावर सहज जाते. तिने आणखी दोन ठिकाणी जावे. पुष्कळ दरपत्रकांत गवताचा चौरस फुटाचा भाव ठळक असतो, पायाचा नसतोच. मुरूम, खडी, चर यांची मापे लिहून घ्यावीत. आणि आठ-दहा वर्षांनी धागे झडू लागल्यावर गालिचा कोण नेणार, तेही विचारावे. धागा एका प्लास्टिकचा, पाठ दुसऱ्याची, चिकटा तिसऱ्याचा, त्यामुळे भंगारवाला तो सहसा घेत नाही.