पस्तीस हजारांत माइक किती मिनिटं?

टीवायचे पेपर संपत आले की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं. हेडफोन लावलेली हसरी मुलगी, मागे लाल-निळा सेट आणि खाली ठळक अक्षरांत : अँकर, आरजे, व्हॉइस ओव्हर. तीन महिन्यांत सर्टिफिकेट. जागा मर्यादित! पत्ता अंधेरीचा नाहीतर दादरचा. गॅदरिंगचं निवेदन करणाऱ्या आणि 'तुझा आवाज भारी आहे यार' हे चार जणांकडून ऐकलेल्या प्रत्येकाला ते कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच. तुम्हालाही आलं असेल.

मग घरी विषय निघतो. बाबा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला, आई शिलाई करते, धाकट्या भावाची बारावी. घरातून यंदा एकाच गोष्टीला पैसे मिळणार : हा कोर्स, किंवा टॅली, किंवा स्पर्धा परीक्षेचा क्लास. अशा वेळी 'मीडियात स्कोप आहे का?' हा प्रश्न काही कामाचा नाही. स्कोप सगळीकडेच असतो. आपल्या पैशांत आणि आपल्या वेळात नेमकं काय हाती येणार, ते विचारा.

एक हिशोब मांडून बघू. समजा फी ३०,००० रुपये सांगितली. पावतीवर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे झाले ३५,४००. कायद्याने मान्य पदवी-पदविकेच्या शिक्षणाला साधारणपणे हा कर लागत नाही, खासगी क्लासला लागतो. त्यामुळे पावतीवर जीएसटी दिसला की आपल्याला मिळणारा कागद कोणत्या जातीचा आहे, ते तिथेच कळतं. 'सरकारमान्य' असं तोंडी सांगितलं जात असेल तर कोणाची मान्यता, ते लेखी मागा.

आता प्रवास. चर्चगेटपासून पालघर साधारण ९० किलोमीटर आणि बोईसर त्याच्याही पुढे बारा. तुमच्याकडे बोईसर ते पालघर असा सवलतीचा विद्यार्थी पास असेल, पण तो अंधेरीला चालणार नाही. ती सवलत मान्यताप्राप्त संस्थेच्या फॉर्मवर आणि घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाला मिळते. म्हणजे क्लाससाठी पूर्ण भाडं. वीकेंड बॅच धरली तर तीन महिन्यांत २४ दिवस, रोज जाऊन-येऊन चार तास. शहाण्णव तास गाडीत.

आणि वर्ग? रोज तीन तास म्हटले तर ७२ तास. त्यातले 'मीडियाचा इतिहास', 'व्यक्तिमत्त्व विकास', पाहुण्यांची भाषणं वजा केली आणि प्रत्यक्ष स्टुडिओत २० तास गेले असं उदार मनाने धरलं, तर २० जणांच्या बॅचमध्ये तुमच्या वाट्याला माइक आला एक तास. ३५,४०० रुपये आणि ९६ तासांचा प्रवास, तो एका तासासाठी. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या क्लासचे वेगळे असतील. पण भागाकार हाच करायचा. फीला तासांनी नको, तुमच्या स्वतःच्या माइकच्या, कॅमेऱ्याच्या किंवा एडिटिंग टेबलच्या तासांनी भागा. 'प्रत्येकाला ऑन-एअर अनुभव' वगैरे छापील वाक्यं विसरा आणि फोनवर सरळ विचारा : माझ्या वाट्याला किती मिनिटं?

दुसऱ्या बाजूलाही आकडा आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं. एमआयडीसीतल्या एखाद्या प्लांटच्या लॅबमध्ये नाहीतर अकाउंट्समध्ये तशी जागा चालून आली असेल, तर कोर्सची फी म्हणजे तिथल्या जवळजवळ चार महिन्यांची कमाई. तिच्यावर पाणी सोडून फुल-टाइम बॅचला जायचं असेल, तर खर्च फीच्या दुप्पट धरा.

आता त्या कागदाची बाजारातली किंमत. आकाशवाणीची पद्धत बघण्यासारखी आहे. नैमित्तिक निवेदक निवडताना तिथे आधी लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी, आणि त्यातून पार पडलेल्यांना 'वाणी' नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणजे आधी आवाज तपासतात, मग शिकवतात. अंधेरीच्या क्लासात आधी पैसे घेतात आणि आवाज कसा आहे ते बहुधा कोणी सांगतच नाही. सगळ्यांनाच 'पोटेन्शियल' असतं! अर्थात आकाशवाणीचं ते कामही नोकरी नव्हे. महिन्याला जेमतेम सहा ड्यूट्या, त्यावर घर चालत नाही. पण निवड झाली तर तुमचा आवाज परक्या माणसांनी तपासून पास केला, एवढं नक्की होतं.

खासगी एफएमचं गणित आणखी तोकडं. मुंबईत अशा वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि प्रत्येकीत आरजे मोजके. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. त्यामुळे 'रेडिओ न्यूज रीडिंग' शिकून एफएमवर बातम्या वाचू, हे स्वप्न असेल तर ते कोर्सच्या आधीच मिटवा.

मराठी वृत्तवाहिन्या मात्र बऱ्याच आहेत, २०२४ च्या महाराष्ट्र दिनाला आणखी एक सुरू झाली. पण तिथे पडद्यावर एक चेहरा दिसतो, तेव्हा मागे एडिटर, कॅमेरामन, ग्राफिक्सवाले, असाइनमेंट डेस्क अशी फौज असते. सर्टिफिकेटवाले सगळे त्या एका खुर्चीच्या रांगेत आणि मागच्या फौजेसाठी माणसं शोधावी लागतात. माझं मत विचाराल तर पैसे घालायचेच असतील तर एडिटिंग, कॅमेरा किंवा साउंडच्या कोर्समध्ये घाला. ते हात लग्नाच्या व्हिडिओपासून कंपनीच्या सेफ्टी फिल्मपर्यंत बोईसरमध्येही चालतात. नुसतं अँकरिंगचं सर्टिफिकेट विरारच्या अलीकडे उपयोगाचं नाही आणि पलीकडेही फारसं कोणी बघायला मागत नाही. तिथे विचारतात, 'लिंक पाठव, काय केलंयस?'

आणि दाखवायला आपल्याकडे काय कमी आहे? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या मुंबईहून आल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराच्या पायाभरणीलाही आल्या आणि संध्याकाळी गेल्या. मधल्या काळात सातपाटीच्या कोळ्यांचं काय म्हणणं आहे, तारापूरच्या सांडपाण्याचं काय झालं, हे कळवतो तो स्थानिक स्ट्रिंगर. त्याला पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात, पेट्रोल बहुतेकदा स्वतःचं. सुखाचं काम नाही, तरी आत शिरायची ती एक खरी वाट आहे. तुम्हाला वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलता येत असेल, तर ते मुंबईच्या कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. वाचनातले उच्चार सुधारा, 'चाक' आणि 'चार'मधला च वेगळा ऐकू आला पाहिजे. घरची बोली मात्र टाकू नका, पाड्यावरची आजी तुमच्याशी त्याच भाषेत मोकळी होणार आहे.

म्हणून फी भरायच्या आधी दहा दिवस एवढं करा. रोज दीड मिनिटाचं एक बातमीपत्र. साधारण दीडशे शब्द स्वतः लिहा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी किंवा डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर कापा. विषय स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आतला : बोईसरचे रिक्षा स्टँड, घोलवडच्या चिकूचा भाव, विरारपुढच्या चौपदरीकरणाचं रखडलेलं काम. पहिले तीन भिकार होतील, होऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून सोडलंत तर पस्तीस हजार वाचले. दहाही झाले आणि अकरावं करावंसं वाटलं, तर तेच घेऊन पुढे जा.

पुढे म्हणजे सगळ्यात आधी स्वतःच्या कॉलेजात. मास मीडियाचा विभाग असेल तर तिथला कॅमेरा आणि माइक बहुधा कपाटात पडून असतो, तुमचा विषय दुसरा असला तरी जाऊन मागा. मग सार्वजनिक संस्था बघा : कलिन्याला मुंबई विद्यापीठाची गरवारे इन्स्टिट्यूट, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मराठी पत्रकारितेसाठी आयआयएमसीचं अमरावती केंद्र. एफटीआयआयच्या टीव्ही विभागात दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि ध्वनीचे एक वर्षाचे कोर्स पदवीनंतर आहेत. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पण त्या नावाला बाजारात वजन आहे. खासगी क्लास या सगळ्यानंतर.

तरीही खासगी क्लासच ठरला, तर मागच्या बॅचमधल्या तिघांचे नंबर मागा. भिंतीवर फोटो लावलेल्यांचे नकोत, आपण निवडलेल्यांचे. फी हप्त्यांनी आणि कोर्स मध्येच सोडला तर किती परत, हे पावतीवर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि तिथे कागदच कामाला येतो. आपण केलेल्या कामाच्या मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर मिळणार का, तेही विचारा. 'पॉलिसी नाही' म्हणाले तर सरळ उठा.

आणि डेमो लेक्चरला रविवारी दुपारी जाऊ नका. न्यूजरूममध्ये सकाळच्या बुलेटिनची शिफ्ट पहाटे सुरू होते आणि रात्रीची उशिरा सुटते. लोकल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत आली खरी, पण विरारच्या पुढे गाड्या अजून मोजक्याच. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला अंधेरीत पोचून बघा, रात्री अकराला तिथून निघून बोईसर गाठून बघा. जमलं नाही तर मालाड-गोरेगावात खाटेचं भाडं किती, ते त्याच फेरीत विचारून या. फीच्या खाली तो आकडाही लिहायचा आहे.