चावी बंद, करंट चालू

चिखलीची पहाट पिकअपच्या आवाजाने उजाडते. तळवडे आणि भोसरी एमआयडीसीतले सुटे भाग चाकणला पोचवायचे, मोशीच्या बाजारातला भाजीपाला शहरात आणायचा, सगळे काम पहिली पाळी लागायच्या आत. नेमक्या त्याच वेळी सेल्फ ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. रात्री नीट चालवत आणलेली गाडी, चावी काढलेली, दिवे बंद. मग बॅटरी उतरली कशी?

‘बॅटरी गेली, नवी टाका’ हे या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर. ते कधी बरोबरही असते. पण नवी बॅटरी महिनाभरात पुन्हा बसली की गाडीमालकाला कळते, की दुखणे दुसरीकडेच होते.

या पट्ट्याला गाड्या आणि बॅटऱ्या नव्या नाहीत. टेल्कोने पुण्याच्या कारखान्याची सुरुवात 1966 मध्ये केली, एक्साइडचा चिंचवडचा कारखाना 1969चा. टेल्कोची पहिली पिकअप, टाटामोबाइल, 1988 मध्ये आली. त्या काळच्या डिझेल गाडीत इंधनाचा पंप यांत्रिक असे. चावी बंद केली की करंट खाणारे फारसे काही उरत नसे. बॅटरी अगदीच बसली तर चौघे धक्का मारत, चालक दुसऱ्या गिअरवर क्लच सोडी आणि गाडी सुरू होई. बीएस-6 गाडीत इंजिनावर ईसीयूची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची, हुकमत असते. त्यालाच पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही तर धक्के मारून दमणेच पदरी येते.

चावी काढल्यावरही ईसीयू, इमोबिलायझर, घड्याळ हे सगळे थोडा थोडा करंट घेतच असतात. तो सर्वसाधारणपणे 50 मिलीअँपिअरच्या आत असला म्हणजे ठीक. हिशेब सोपा आहे. 50 मिलीअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे 70 अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मी व्हायला महिना लागतो. मालकाने मागाहून बसवलेला जीपीएस थेट बॅटरीवर जोडलेला असेल आणि त्याने 100 मिलीअँपिअर खाल्ले, तरी 12 तासांत जातात तेवढेच 1.2. एका रात्रीत गाडी बंद पडायला एवढे पुरत नाही.

ब्रेकच्या दिव्यांचे गणित मात्र वेगळे. 21 वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, दहा तासांत 35 अँपिअर-अवर. पेडलजवळच्या स्विचला दाबून धरणारा रबराचा किंवा प्लास्टिकचा छोटा स्टॉपर झिजून गळून पडला, की पाय उचलल्यावरही दिवे जळत राहतात. गाडी भिंतीकडे पाठ करून लावली असेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बॅटरी नवी असेल तर सकाळी कशीबशी सेल्फ मारते. तीन-चार वर्षे वापरून निम्मी क्षमता उरलेली असेल तर तिथेच कारभार आटोपतो. म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन दोन प्रश्न वेगळे ठेवतो: गळती किती, आणि बॅटरीत दम किती?

दुसऱ्याचे उत्तर आधी मिळते. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी, 12च्या खाली गेली तर रिकामी होत आलेली. त्यानंतर लोड टेस्ट. मग इंजिन चालू करून अल्टरनेटर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट देतो का, ते पाहायचे. चिखली ते तळवडे अशा छोट्या फेऱ्या, दर फेरीला चार वेळा सेल्फ आणि मधे चौकातली कोंडी, अशा धावपळीत बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. तिथे गळती शोधून उपयोग नसतो.

गळती शोधायला मात्र धीर हवा. बॉनेट उघडे ठेवायचे, दाराचे लॉक स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून दार बंद असल्याचे गाडीला भासवायचे, चावी लांब ठेवायची. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचे आणि मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लावून टर्मिनल आणि केबलच्या मध्ये जोडायचा. आता सेल्फ मारायचा नाही, मारला तर मीटरचा फ्यूज उडालाच. केबल जोडताच गाडीतली यंत्रणा जागी होते आणि आकडा अँपिअरमध्ये उडी घेतो. घाई करणारा इथेच फसतो. अर्धा तास थांबले की एकेक कंट्रोलर झोपी जातो आणि आकडा उतरत उतरत स्थिर होतो. खरा आकडा तो.

तो 50च्या वर राहिला तर फ्यूज बॉक्सकडे वळायचे. फ्यूज उपटत बसले तर झोपलेली यंत्रणा पुन्हा जागी होऊ शकते. त्यापेक्षा ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना मीटरच्या पिना लावून मिलीव्होल्ट पाहायचे. शून्य दाखवले तर त्या वाटेने करंट जात नाही. काही दाखवले तर वाट सापडली. पुढे एखादा चिकटलेला रिले निघतो, चावीच्या आधीच्या वायरला जोडलेला टेपचा अँप्लिफायर निघतो, मागच्या बॉडीतला विसरलेला दिवा निघतो, किंवा पावसाचे पाणी शिरून हिरवा झालेला कनेक्टर.

सगळे फ्यूज निर्दोष निघाले तर संशय अल्टरनेटरवर. त्यातले डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा खराब झाला तर बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये वाहतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर मीटर लावण्याआधीच अर्धे निदान झाले. जाड केबल सोडवून टोक नीट झाकल्यावर आकडा खाली आला, की उरलेले अर्धेही.

या शोधाला तास-दोन तास जातात आणि त्याची मजुरी द्यायला अनेक मालक कुरकुरतात, पण ती नव्या बॅटरीपेक्षा स्वस्तच पडते. तेव्हा गाडी सकाळी सुरू झाली नाही तर थेट बॅटरीच्या दुकानात जाऊ नका. आधी मीटर लावायला सांगा, आणि बिलावर दुरुस्तीच्या आधीचा नि नंतरचा, असे मिलीअँपिअरचे दोन्ही आकडे लिहून घ्या.